वाचकांचे प्रश्न : दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दम्याविषयी आलेल्या पत्रांत औषधांचे आणि पथ्याचे प्रश्न आहेतच, पण बहुतेकांची खरी अडचण एकच दिसते : त्रास घरी किती वेळ सोसायचा आणि कोणत्या क्षणी उठून रुग्णालयाची वाट धरायची. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 46 असून मला लहानपणापासून दमा आहे. मागच्या महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास धाप लागली. पंप घेतला की थोडे बरे वाटायचे आणि काही वेळाने पुन्हा धाप लागायची. असे करत मी पहाट गाठली. सकाळी रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा ‘रात्रीच का आला नाहीत?’ म्हणून डॉक्टर रागावले. खरे सांगायचे तर रात्री मला ते एवढे गंभीर वाटलेच नव्हते, शिवाय घरच्यांची झोपमोड करणे जिवावर आले होते. नेमके कशावरून ठरवायचे?

‘एवढे गंभीर वाटलेच नव्हते’ हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण दम्याचे जुने रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यावर नेमके हेच सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. ज्याच्या श्वासनलिका वर्षानुवर्षे थोड्याफार अरुंद राहिलेल्या असतात, त्याला त्या अवस्थेची सवय होते. जे रुग्ण पूर्वी जीवघेण्या झटक्यातून वाचले आहेत, त्यांच्यापैकी काहींची धाप जाणवण्याची शक्तीच इतरांपेक्षा मंद असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे ज्यांनी सर्वांत आधी निघायला हवे, त्यांनाच धोका सर्वांत उशिरा जाणवतो. म्हणून ‘मला कितपत त्रास होतो आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारून निर्णय घेऊ नये. ज्या गोष्टी शेजारी बसलेल्या माणसालाही दिसतात किंवा मोजता येतात, त्यांवर निर्णय घ्यावा.

त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे बोलणे. एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर पंप घेऊन परिणाम पाहण्याइतका अवधी आपल्याजवळ आहे. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागत असेल, तर झटका तीव्र आहे आणि घरी थांबण्याची वेळ संपली आहे. एकेक शब्दच बाहेर पडत असेल, तर रुग्णवाहिकेला फोन दुसऱ्या कोणी तरी करावा, कारण आपल्याला तो धडपणे करता येणार नाही. ही कसोटी इतकी साधी आहे की तिच्यावर विश्वास बसत नाही, परंतु जगभरच्या तातडीच्या विभागांत डॉक्टरही प्रथम हेच पाहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पंपाचा उतार किती वेळ टिकतो. साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे झटक्यात लगेच आराम देणाऱ्या औषधाच्या, पंपाने काही मिनिटांत आराम पडावा आणि तो साधारणतः चार तास तरी टिकावा, अशी अपेक्षा असते. चार तासांच्या आत पुन्हा पंप घ्यावा लागला, तर त्याच दिवशी, आणि रात्र असेल तर त्याच रात्री, वैद्यकीय मदत घ्यावी. आपल्या बाबतीत निर्णय याच ठिकाणी हुकला. प्रत्येक फवाऱ्याने ‘थोडे बरे’ वाटत होते म्हणून आपण थांबत गेलात, पण दोन फवाऱ्यांमधले अंतर आपण मोजले नाही. पंप श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू तेवढे सैल करतो. नलिकेच्या आतल्या अस्तराला आलेली सूज आणि साचलेला चिकट कफ यांवर त्याचा उपाय चालत नाही, आणि झटका वाढत जातो तो मुख्यतः त्या सुजेमुळे. सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन लागते, आणि ते औषध शरीरात गेल्यानंतरही त्याचा गुण दिसायला काही तास जातात. रात्री दोनला निघालेला आणि सकाळी सहाला निघालेला रुग्ण यांच्यात हाच चार तासांचा फरक पडतो. त्यातच, दम्यात फुप्फुसांची क्षमता चोवीस तासांत सर्वांत कमी असते ती पहाटेच्या सुमारास. तेव्हा ‘सकाळ होऊ दे, मग पाहू’ असे म्हणणे म्हणजे सर्वांत वाईट प्रहर उपचाराविना काढणे होय.

काही लक्षणे दिसली, तर पंपाचा परिणाम पाहत बसण्याचाही प्रश्न उरत नाही. ओठ किंवा नखे निळसर-करडी पडणे, ग्लानी येणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ दिसणे, दमून मान टाकणे, मानेचे व बरगड्यांमधले स्नायू प्रत्येक श्वासाला आत ओढले जाणे, श्वासाचा वेग मिनिटाला 25 च्या वर किंवा विश्रांतीतही नाडी 120 च्या पुढे जाणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. यात एक फसवे लक्षण आहे, ते घरातल्या सर्वांना माहीत असलेले बरे. छातीतून येणारा सूं-सूं आवाज थांबला आणि रुग्ण मात्र तसाच तळमळतो आहे किंवा निपचित पडू लागला आहे, तर तो उतार नव्हे. शिट्टी वाजायलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते, आणि आवाज बंद पडला याचा अर्थ हवा जवळजवळ जातच नाही, असा असू शकतो.

मदत येईपर्यंत रुग्णाला ताठ, किंचित पुढे झुकून बसवावे, आडवे करू नये, कपडे सैल करावेत. ऑस्ट्रेलियात सर्वसामान्यांना शिकवली जाणारी पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. साल्ब्युटामॉलचे चार फवारे स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) एकेक करून द्यायचे, प्रत्येक फवाऱ्यानंतर स्पेसरमधून चार श्वास घ्यायला लावायचे आणि चार मिनिटे थांबायचे. आराम पडला नाही, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत हेच चक्र चालू ठेवायचे. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असतील, तर फोन आधी करायचा आणि फवारे लगोलग सुरू करायचे. ज्यांना फॉर्मोटेरॉल हे नलिका सैल करणारे औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंपच झटक्यातही वापरायला सांगितला आहे, त्यांचे प्रमाण आणि दिवसाची मर्यादा वेगळी असते. ती डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी. झोप लागावी म्हणून शामक गोळी देणे धोक्याचे आहे, कारण तिने श्वास आणखी मंदावू शकतो. वाफाऱ्याने आवळलेल्या नलिका उघडत नाहीत, उलट घाईत भाजण्याचे प्रकार मात्र होतात. आणि स्वतः वाहन चालवत रुग्णालयात जाऊ नये, कितीही जवळ असले तरी.

आता झोपमोडीविषयी. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय पातळीवर आढावा घेऊन 2014 साली अहवाल प्रसिद्ध करण्यात आला. त्यात 195 मृत्यूंची तपासणी होती. त्यांपैकी 45 टक्के रुग्ण वैद्यकीय मदत न मागताच किंवा तातडीची मदत मिळण्यापूर्वीच दगावले होते. ज्यांच्या दम्याची तीव्रता ठरवता आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा दमा सौम्य किंवा मध्यम प्रकारचा होता. ‘माझा दमा तसा साधाच आहे’ या समजुतीत किती जोखीम आहे, हे त्यावरून लक्षात यावे. रात्री येऊन, उपचार घेऊन, दोन तासांत घरी परतलेल्या रुग्णामुळे कोणाचाही वेळ वाया जात नाही. तातडीच्या विभागात काम करणाऱ्यांना असा रुग्ण हवाच असतो.

आणखी एक गोष्ट. पूर्वी अतिदक्षता विभागात ठेवावे लागले असेल, गेल्या वर्षभरात दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, रोजचा प्रतिबंधक पंप घेतला जात नसेल किंवा दम्याच्या जोडीला एखाद्या अन्नपदार्थाची ॲलर्जी असेल, तर अशा रुग्णाने इतरांपेक्षा एक पायरी आधीच निघावे. आपण मागच्याच महिन्यात दाखल होऊन आला आहात, म्हणजे आता आपणही या गटात आहात. अन्नपदार्थ, औषध किंवा कीटकदंश यांनंतर धापेबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर तो केवळ दम्याचा झटका नसतो. तेथे प्रथम ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते, आणि एकट्या पंपावर विसंबून राहणे महागात पडते.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. सर्दी झाली की तिची छाती घरघरते. डॉक्टरांनी पंप आणि मास्क लावलेला स्पेसर दिला आहे. तिला स्वतःचा त्रास सांगता येत नाही, आणि ताप नसला तर मला डॉक्टरांकडे धावत जावेसे वाटत नाही. मी चुकते आहे का?

तापाचा निकष येथे बाजूला ठेवा. ताप असला-नसला तरी श्वासनलिका आवळायच्या थांबत नाहीत, आणि या वयातले झटके बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंमुळेच येतात, मग अंग तापलेले असो वा नसो.

मुलीला काही सांगता येत नसले, तरी तिच्या अंगावर बरेच काही वाचता येते. तिचा सदरा वर करून उजेडात छातीकडे पाहा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या मधली, बरगड्यांखालची किंवा गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जात आहे का, नाकपुड्या फेंदारल्या जात आहेत का, पोट जोरजोराने वर-खाली होत आहे का, हे पाहावे. ती शांत असताना किंवा झोपेत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलांत मिनिटाला 40 हून अधिक श्वास हे तीव्रतेचे लक्षण मानले जाते, पाच वर्षांपुढे 30 हून अधिक. ती पाणी किंवा दूध घ्यायला तयार नसेल, दोन-चार शब्द बोलून थांबत असेल, रडण्याचा आवाज क्षीण झाला असेल, तर ही सारी रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. खेळकर मूल एका जागी गप्प बसले, तर आई-वडिलांना अनेकदा हायसे वाटते. दम्याच्या झटक्यात मात्र तसे वाटू देऊ नये. ते मूल शांत झालेले नसते, दमलेले असते.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘जिना’ या जागतिक दमा-उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचना बऱ्याच नेमक्या आहेत. साल्ब्युटामॉलचे दोन फवारे एकेक करून स्पेसरमधून द्यावेत, आणि गरज वाटल्यास वीस-वीस मिनिटांच्या अंतराने आणखी दोन वेळा तसेच द्यावेत. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा अधिक फवारे लागले, किंवा फवाऱ्यांनंतरही एक-दोन तासांत आराम पडला नाही, तर लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. आराम पडला तरी चोवीस तासांत मूल पूर्ववत झाले नसेल, तर दाखवून यावे. आणि वर सांगितलेली ओढ, निळसरपणा किंवा ग्लानी दिसली, तर फवारे मोजत घरी बसू नये, ते वाटेत देत जावे. एक वर्षाच्या आतील बाळाला काही तासांत पुन्हा पुन्हा फवारे द्यावे लागत असतील, तर त्याच दिवशी दाखवावे.

आपल्या डॉक्टरांनी मुलीच्या वजनाप्रमाणे किंवा इतर कारणाने वेगळे प्रमाण लिहून दिले असेल, तर तेच पाळावे.

प्रश्न : धाप लागली की मी बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आकडा 97 च्या आसपास असतो, त्यामुळे निश्चिंत होऊन पुन्हा झोपतो. आकडा चांगला असेपर्यंत रुग्णालयात जाण्याची गरज नाही, असे समजू का?

असे समजू नये. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या या यंत्राने पुष्कळ लोकांना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले, हे खरे आहे. पण त्या आजारात फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन उतरण्यालाच अडथळा येत होता. दम्यात मूळ अडथळा हवेच्या येण्याजाण्याला असतो, विशेषतः हवा बाहेर पडण्याला, आणि त्याची भरपाई शरीर दीर्घकाळ श्वासाचा वेग वाढवून करत राहते. त्या मेहनतीमुळे ऑक्सिजनचा आकडा बऱ्याच वेळापर्यंत चांगला राहतो. ती मेहनत किती चालली आहे, हे मात्र यंत्र सांगत नाही.

रुग्णालयात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. झटक्याच्या सुरुवातीला रुग्ण भराभर श्वास घेत असल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी झालेला असतो. छातीचे स्नायू थकू लागले की तो वाढत जाऊन आधी ‘सामान्य’ पातळीवर येतो आणि मग वर जातो. त्यामुळे धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड सामान्य आलेला पाहून डॉक्टरांना दिलासा वाटत नाही, उलट ते अतिदक्षता विभागाला कळवतात. बोटावरचे यंत्र हा वायू मोजतच नाही. शिवाय थंड पडलेली बोटे आणि नखांवरचा रंग यांमुळे आकडा चुकतो, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवला जाण्याची शक्यता असते.

तेव्हा या यंत्राचा निकाल एकाच बाजूने मानावा. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत 92 टक्क्यांखालचा आकडा जीवघेण्या झटक्याचे लक्षण धरला आहे, म्हणून तसा आकडा दिसला तर ताबडतोब निघावे. आकडा चांगला दिसला, तर त्यावरून काहीच ठरवू नये. बोलणे आणि पंपाचा उतार हेच पाहावे.

यंत्रच हवे असेल, तर पीक फ्लो मीटर घ्यावा. तो स्वस्त असतो, त्याला विजेची गरज नसते आणि नलिका किती अरुंद झाल्या आहेत, हे तो थेट सांगतो. प्रकृती उत्तम असताना दोन-तीन आठवडे रोज फुंकून आपला सर्वोत्तम आकडा ठरवावा, कारण तुलना इतरांशी करायची नसून स्वतःशी करायची असते. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर नेहमीचे औषध चालू ठेवावे. 80 ते 50 टक्क्यांत डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव औषधयोजना सुरू करून त्यांच्याशी संपर्क साधावा. 50 टक्क्यांच्या खाली पंप घेत घेत रुग्णालयात जावे. आकडा 33 टक्क्यांच्या खाली जाणे जीवघेणे मानले जाते. ज्यांना धाप लवकर जाणवत नाही असे मी पहिल्या उत्तरात म्हटले, त्यांच्यासाठी या साध्या नळीचा उपयोग सर्वांत जास्त आहे.

प्रश्न : मला आजवर कधीही मोठा झटका आलेला नाही. दिवसातून तीन-चार वेळा निळ्या पंपाचा एकेक फवारा घेते आणि सगळी कामे करते. रोजचा म्हणून दिलेला दुसरा पंप मात्र स्टेरॉइडचा असल्यामुळे मी बंद केला. माझा दमा आटोक्यात आहे, तरी बहीण डॉक्टरांकडे जा म्हणून मागे लागली आहे. जाण्याची खरेच गरज आहे का?

बहिणीचे ऐकावे. तुम्हाला आज रात्री धावत जायचे नाही, पण या आठवड्यात वेळ घेऊन जायचे आहे.

दमा आटोक्यात आहे की नाही, हे झटका आला किंवा नाही यावरून ठरत नाही. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का, दम्यामुळे एकदा तरी रात्री जाग आली का, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आराम देणारा पंप लागला का, आणि दम्यामुळे एखादे काम टाळावे लागले का, असे चार प्रश्न विचारले जातात. चारही उत्तरे ‘नाही’ असतील तरच दमा आटोक्यात म्हणतात. तीन किंवा चार उत्तरे ‘होय’ असतील, तर तो मुळीच आटोक्यात नाही. तुमच्या पत्रावरूनच दोन उत्तरे ‘होय’ आहेत. उरलेली दोन तुम्हीच तपासा, आणि ‘टाळलेले काम’ मोजताना जिन्याऐवजी लिफ्ट घेणेही त्यात धरा.

आता पंपाचा हिशेब पाहू. एका डब्यात साधारणतः 200 फवारे असतात. तुमच्या वापराने वर्षाला सहा-सात डबे संपतात. वर्षाला तीन किंवा अधिक डबे लागणाऱ्या रुग्णांत तीव्र झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक डबे लागणाऱ्यांत मृत्यूचा धोका वाढतो, असे निरीक्षण आहे. रोज वापरला की या औषधाचा परिणामही हळूहळू बोथट होत जातो, आणि आतली सूज तशीच राहते. त्यामुळेच ‘जिना’ने 2019 साली आपली जुनी भूमिका बदलली आणि प्रौढांनी व किशोरवयीनांनी केवळ साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर दमा सांभाळू नये, स्टेरॉइड असलेला पंप उपचारात हवाच, अशी शिफारस केली. सौम्य दमाही त्याला अपवाद नाही.

स्टेरॉइडची भीती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते आणि ती मुख्यतः फुप्फुसातच काम करते. घेतल्यावर चूळ भरली, तर तोंडात बुरशी होण्याचा त्रासही बहुधा टळतो. हा पंप टाळणाऱ्या रुग्णाला झटका आल्यावर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी पटींनी जास्त असते. आयुष्यात अशा गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले, तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढू लागतो. स्टेरॉइड टाळायचेच असेल, तर टाळण्यासारखे ते हे आहे.

जाताना दोन्ही पंप बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर ते घेऊन दाखवा. पंप नीट न हलवणे, फवारा आणि श्वास यांची वेळ न जुळणे, श्वास रोखून न धरणे अशा चुका इतक्या सर्रास आढळतात की औषध बदलण्यापूर्वी पद्धत तपासणे हे चांगल्या डॉक्टरांचे पहिले काम असते. एक सूचना : आराम देणारा पंप निळा असतो हा संकेत सर्वत्र पाळला जातोच असे नाही, तेव्हा रंगापेक्षा डब्यावरचे नाव वाचून घ्या.

प्रश्न : माझे वय 67 आहे. आयुष्यात कधी दमा नव्हता, पण दोन महिन्यांपासून चालताना धाप लागते, रात्री आडवे झाल्यावर खोकला येतो आणि छातीत आवाज येतो. मित्राच्या पंपाने थोडे बरे वाटले. हा दमाच समजून पंप सुरू ठेवावा का?

पंप मित्राला परत करावा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटावे. दमा उतारवयातही प्रथम दिसू शकतो, परंतु या वयात आडवे झाल्यावर वाढणारी धाप हृदयाची क्षमता कमी झाल्यानेही येते. त्यातही छातीत तसाच आवाज येतो आणि पंपाने थोडा वेळ बरेही वाटू शकते. पायांवर सूज आहे का, झोपायला उशा वाढवाव्या लागत आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धूम्रपान केले असेल, तर तेही न संकोचता सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे थेंबही बरोबर न्यावेत. बीटा ब्लॉकर गटातील औषधांनी, अगदी डोळ्यांत घातलेल्या टिमोलॉलच्या थेंबांनीसुद्धा, श्वासनलिका आवळू शकतात. मात्र स्वतःहून कोणतेही औषध बंद करू नये. छातीत दुखू लागले, धाप एकाएकी वाढली किंवा एकाच पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर वेळ ठरवण्याच्या भानगडीत न पडता सरळ तातडीच्या विभागात जावे.

प्रश्न : मला पाचवा महिना सुरू आहे. बाळाला अपाय नको म्हणून मी दोन्ही पंप थांबवले आहेत. आता धाप लागते ती गरोदरपणामुळे की दम्यामुळे, हे कळत नाही. अलीकडेच एका झटक्यासाठी रुग्णालयातही जाऊन आले, पण घरी आल्यावर बरे वाटले म्हणून गोळ्या तिसऱ्या दिवशी सोडल्या. पुन्हा दाखवायला जायला हवे का?

होय, आणि उद्याच जावे. गरोदरपणात श्वास जड वाटणे नैसर्गिक आहे, पण त्या धापेबरोबर छातीत शिट्टीसारखा आवाज येत नाही, रात्री खोकल्याने जाग येत नाही आणि पंपाने त्यात फरकही पडत नाही. यांपैकी काही होत असेल, तर तो दमा समजावा. गर्भारपणात साधारण एक-तृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, एक-तृतीयांश स्त्रियांचा कमी होतो आणि उरलेल्यांचा तसाच राहतो. तुमचा वाढतो आहे, असे या झटक्यावरून दिसते.

बाळाला मिळणारा ऑक्सिजन तुमच्याच रक्तातून जातो. दम्याचे नेहमीचे पंप गरोदरपणात वापरण्याचा अनुभव दीर्घ आणि समाधानकारक आहे. न आवरलेल्या दम्याने मात्र बाळाचे वजन कमी भरणे, मुदतीपूर्वी प्रसूती होणे आणि आईचा रक्तदाब वाढणे यांचा धोका वाढतो. म्हणून दोन्ही पंप लिहून दिल्याप्रमाणे आजच पुन्हा सुरू करावेत. झटका आला, तर इतर रुग्णांपेक्षा लवकर निघावे, आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर तेही सांगावे.

गोळ्यांविषयी : झटक्यानंतर बरे वाटते, पण नलिकांची सूज पूर्ण उतरायला त्याहून अधिक दिवस लागतात. कोर्स अर्ध्यावर सोडला तर त्याच सुजेवर दुसरा झटका येऊ शकतो, म्हणून राहिलेल्या गोळ्यांचे काय करायचे हे डॉक्टरांना फोन करून आजच विचारावे. रुग्णालयातून घरी आल्यावर दोन ते सात दिवसांत पुन्हा दाखवायचे असते, ते बरे वाटत असले तरीही. त्या भेटीत डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्यावा. रोज कोणता पंप किती घ्यायचा, त्रास वाढला तर काय वाढवायचे, गोळ्या केव्हा सुरू करायच्या आणि कोणत्या लक्षणावर कोणालाही न विचारता घराबाहेर पडायचे, हे त्यावर असावे. प्रसूतीसाठी जेथे नाव घातले आहे, तेथील डॉक्टरांनाही त्याची प्रत द्यावी. घरात जो माणूस रात्री तुमच्याजवळ असतो, त्याला तो कागद वाचून दाखवावा, आणि पंप व स्पेसर कोठे ठेवला आहे तेही दाखवून ठेवावे.